सोवळे, साबण आणि खराटा



वसंत व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. काल वेदान्त झाला, परवा काव्य झाले, आणि आज हा गृहस्थ आम्हांला हात धुवायला शिकवणार की काय, असे कुणाच्या मनात आले असल्यास त्यात त्याचा दोष नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती लोकांना विचार करावयास लावण्यासाठी, आणि अंगोळीत विचार करण्यासारखे काय आहे? आपण सारेच रोज आंघोळ करतो. पण मला वाटते, जी गोष्ट आपण रोज करतो तिच्याविषयीच आपण सर्वांत कमी विचार करतो. म्हणून आज मी आपल्याला आरोग्याचे नियम सांगणार नाही; ते वैद्य-डॉक्टर सांगतील. मी इतिहास सांगणार आहे. स्वच्छ म्हणजे काय, या एका प्रश्नाची उत्तरे आपल्या लोकांनी वेळोवेळी कशी दिली, त्यांत कुठे शहाणपण होते आणि कुठे घात होता, एवढाच माझा विषय.

या विषयाला आपली द्वारका फार सोयीची आहे. सौराष्ट्रातल्या द्वारकेला समुद्राची भरती येते, आपल्या द्वारकेला वाहनांची. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता येथे एकमेकांना मिळतात. एक वाट पांडवलेण्यांकडे जाते, एक नदी ओलांडून पंचवटीकडे, एक नाशिकरोडकडे, आणि एक जुन्या नाशकात शिरते. बाजूलाच टाकळी आहे. या वाटांनी थोडे थोडे चाललो तरी स्वच्छतेचा दोन हजार वर्षांचा इतिहास पायांखालून जातो.

प्रथम पांडवलेण्यांकडे वळू. त्रिरश्मी डोंगरावरच्या त्या लेण्यांत आपण जातो, मूर्ती पाहतो आणि उतरतो. तिथली पाण्याची टाकी सहसा कुणी पाहत नाही. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास तिथे लेणे कोरविले. त्याच्या शिलालेखात लेण्याबरोबरच टाक्यांचाही उल्लेख आहे. त्या टाक्यांना तिथे ‘पोढी’ असा शब्द आहे. राजाच्या जावयाने आपल्या दानधर्माच्या यादीत पाण्याची टाकी अभिमानाने नोंदवावी, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. ज्या भिक्षूंसाठी ही टाकी खोदली त्यांच्याजवळ स्वतःच्या अशा आठच वस्तू असाव्यात असा दंडक होता. तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, सुई, वस्तरा आणि पाणी गाळण्याचे फडके. सर्वस्वाचा त्याग केलेल्या माणसालाही वस्तरा आणि गाळणे सोडता येत नसे. गाळण्यामागचा मुख्य हेतू पाण्यातले जीव वाचविण्याचा होता, हे खरे. पण गाळलेले पाणी पिणाराचेही त्यात कल्याणच होते.

आता टाकळीकडे चला. नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमावर समर्थ रामदासांनी बारा वर्षे तपश्चर्या केली, पहाटेपासून पाण्यात उभे राहून जप केला, अशी परंपरा आहे. समर्थांचे नाव निघाले की आपल्याला बलोपासना आठवते. पण दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्याच समासात त्यांनी मूर्खांची लक्षणे सांगितली आहेत, आणि त्या यादीत ज्याचे दात, डोळे, नाक, हात, वस्त्र आणि पाय नेहमी मळलेले असतात अशा माणसालाही त्यांनी बसविले आहे. लक्षात घ्या, समर्थ त्याला पापी म्हणत नाहीत, मूर्ख म्हणतात. पापाला प्रायश्चित्त लागते, मूर्खपणाला नुसते शहाणपण पुरते. ज्या नंदिनीच्या काठी हा पुरुष राहिला तिला आज आपण नासर्डी म्हणतो, आणि तिच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावतो. समर्थांच्या यादीत आपले स्थान कोणते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

यानंतर येते ते आपले घरगुती सोवळे. सुधारक मंडळींनी सोवळ्याची पुष्कळ टिंगल केली, आणि सनातनी मंडळींनी त्यात सारे विज्ञान भरले आहे असे सांगितले. मला दोन्ही बाजू अर्ध्याच खऱ्या वाटतात. जोडे बाहेर काढावेत, घरात येताच पाय धुवावेत, जेवणाआधी व जेवणानंतर हात धुवावेत, उष्टे दुसऱ्याला देऊ नये, भांड्याला ओठ न लावता वरून पाणी प्यावे, पत्रावळीवर जेवावे आणि ती टाकून द्यावी. या सवयींनी आपल्या पूर्वजांना किती दुखण्यांपासून वाचविले असेल याची गणती नाही. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी, राखुंडी, शिकेकाई, रिठा, डाळीचे पीठ, दिवाळीचे उटणे, भांड्यांना राख आणि चिंच, ही सगळी सामग्री स्वस्त होती आणि गरिबालाही मिळत होती. जुन्या नाशकातल्या तांबट आळीत ठोक्यांच्या नादात घडलेल्या तांब्याच्या हंड्या-कळशांचीही हीच गोष्ट. तांब्याच्या भांड्यात रात्रभर राहिलेल्या पाण्यातले पुष्कळ रोगजंतू मरतात, हे आता प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. आमच्या तांबटांनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती, पण चांगली वस्तू घडविली.

मग घात कुठे होता? लहानपणी पाहिलेले एक दृश्य सांगतो. माझी आजी स्वयंपाकाचे लुगडे स्वतः धुऊन उंच दांडीवर काठीने वाळत घाली. त्याला आम्हां मुलांचा हात लागला की ते पुन्हा पाण्यात जाई. इतकी ती कडक होती. पण त्याच घरात पाण्याच्या माठात जो तो आपला पेला बुडवून पाणी घेई, आणि मनगटापर्यंत हात आत जाई. त्याने मात्र कुणाचे काही विटाळत नसे. आजी अडाणी नव्हती. तिचे सोवळे ‘कोणी शिवले’ हे विचारीत होते; ‘काय लागले’ हे विचारीत नव्हते. हे दोन प्रश्न सारखे दिसतात, पण त्यांच्यामधूनच पुढचा सारा इतिहास फुटतो.

केवळ आपणच असे आंधळे होतो असे समजू नका. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात 1847 साली इग्नाझ सेमेलवाइस नावाचा एक तरुण डॉक्टर होता. त्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात सुइणी काम करीत, दुसऱ्यात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी. आणि डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी कितीतरी जास्त मरत. सेमेलवाइसने पाहिले की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच उठतात आणि बाळंतिणीला तपासतात. त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा 18 च्या घरात होते, ते जुलैत 2 च्याही खाली आले. एवढे झाल्यावर त्याचा सत्कार व्हायला हवा होता. पण मोठमोठ्या डॉक्टरांना राग आला. आमच्यासारख्या सभ्य माणसांचे हात मळके असूच कसे शकतील, असा त्यांचा भाव होता. सेमेलवाइस 1865 साली वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला. प्रतिष्ठित माणसाचा हात आपोआप स्वच्छ असतो, हा समज व्हिएन्नातही होता आणि आमच्या वाड्यांतही होता. त्याने तिकडेही बाळंतिणी मेल्या आणि इकडेही.

पुढे 1854 साली लंडनमध्ये जॉन स्नो याने पटकीचा माग काढीत काढीत तो एका सार्वजनिक पंपापर्यंत नेला आणि त्या पंपाचा दांडा काढविला. रॉबर्ट कॉख याने 1884 साली कलकत्त्यास तलावाच्या पाण्यात आणि रोग्यांत पटकीचे जंतू दाखविले. आपल्यासारख्या तीर्थक्षेत्राच्या गावाला ही बातमी फार जवळची होती. हरिद्वारच्या 1867 च्या कुंभाहून परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकी पंजाबभर पसरली होती. डोळ्यांना निर्मळ दिसणारे आणि मनाला पवित्र वाटणारे पाणीही माणूस मारू शकते, हे कबूल करणे श्रद्धाळू मनाला सोपे नव्हते. ते आजही सोपे नाही.

आता पुण्याच्या रस्त्याने नाशिकरोडकडे जाऊ. आगगाडी आली आणि तिच्याबरोबर यात्रेकरू आले, व्यापार आला, नव्या कल्पना आल्या, आणि रोगही आले. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात शिरला. सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता 10 मार्च 1897 रोजी त्याच रोगाने गेल्या. नाशिकरोडपासून हाकेच्या अंतरावरच्या भगूर गावी 1899 साली प्लेगने दामोदरपंत सावरकर गेले. घरातली तरुण मुले पोरकी झाली आणि त्या कुटुंबाला नाशिकचा आसरा घ्यावा लागला. प्लेगने घरे अशी उघड्यावर टाकली.

पण प्लेगचा इतिहास आणखी एक धडा शिकवतो. सरकारने स्वच्छता आणली ती सोजिरांच्या हाती देऊन. पुण्यात घरे उघडली गेली, सामान बाहेर फेकले गेले, देवघरात बूट शिरले, स्त्रियांची तपासणी परक्या पुरुषांसमोर झाली. लोक रोग्यांना लपवू लागले आणि रोग वाढला. 22 जून 1897 च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. एवढे सारे होऊन प्लेग नक्की कसा पसरतो हे त्या अधिकाऱ्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हते. उंदरांवरच्या पिसवांमुळे तो पसरतो हे पॉल-लुई सिमाँ याने कराचीत दाखविले ते 1898 साली. त्याच काळात हाफकिन मात्र मुंबईत लस तयार करीत होता, आणि 10 जानेवारी 1897 रोजी त्याने ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. एकाने दुसऱ्याच्या घरात बूट घातला, दुसऱ्याने स्वतःच्या अंगात सुई घातली. लोकांचा विश्वास कोणत्या मार्गाने मिळतो, हे वेगळे सांगायला नको.

याच सुमारास साबण आपल्या घरांत आला. विलायतेतला ‘सनलाइट’ 1888 साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला. त्यात जनावराची चरबी असते या शंकेने पुष्कळ घरांनी तो न्हाणीघराच्या उंबऱ्याबाहेरच ठेवला. आर्देशिर गोदरेज यांनी 1918 मध्ये ‘चावी’ छापाचा साबण काढला आणि लौकरच वनस्पतीच्या तेलांपासून अंगाला लावण्याचा साबण बाजारात आणला. स्वदेशीही झाले आणि सोवळेही राहिले. दातांच्या बाबतीत आपल्या नाशिकरोडचे नाव तर महाराष्ट्रभर गेले. ‘बिटको’चे काळे दंतमंजन ज्यांच्या घरी नव्हते अशी घरे एके काळी थोडी असतील. द्वारकेहून रिक्षात बसून ‘बिटको’ म्हणणाऱ्या किती मुलांना ठाऊक असते की आपण एका दंतमंजनाच्या नावाच्या चौकात उतरतो?

आता पूल ओलांडून पंचवटीत जायचे, आणि इथे मात्र मला जरा थांबावे लागेल.

‘कोणी शिवले’ या प्रश्नाने आजीच्या लुगड्यापुरते काम केले असते तर त्याची फारशी तक्रार नव्हती. पण त्या प्रश्नाने माणसांच्या अंगालाच विटाळ ठरविला. 20 मार्च 1927 रोजी डॉक्टर आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्या तळ्यावर गुरे पाणी पीत होती, कपडे धुतले जात होते, त्याने ते विटाळले नव्हते. माणसाच्या ओंजळीने मात्र ते विटाळले, आणि पुढे शेणाने, गोमूत्राने, दह्यादुधाने भरलेल्या 108 घागरी ओतून त्याची ‘शुद्धी’ केली गेली. आरोग्यशास्त्राच्या कोणत्याही परीक्षेत त्या तळ्याचे पाणी ओंजळीनंतर अधिक वाईट झाले असते की घागरींनंतर, याचे उत्तर शाळेतले पोरही देईल. 2 मार्च 1930 रोजी आपल्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते वर्षानुवर्षे झगडले, आणि देवाचे दार त्यांना उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यास डॉक्टर आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्या घोषणेच्या वाटेवर नाशिकचे ते बंद दार आहे, हे आपण नाशिककरांनी विसरू नये.

जे लोक गावाचा मळ उचलीत होते त्यांना गावाने मळके म्हटले, त्यांना विहिरीवर चढू दिले नाही, आणि मग त्यांच्या अंगावर मळ का, असे विचारले. त्याच डॉक्टर आंबेडकरांनी डिसेंबर 1927 मध्ये महाडलाच जमलेल्या स्त्रियांना नेटके, स्वच्छ राहण्याचा उपदेश केला. त्या उपदेशात लाचारी नव्हती. स्वच्छ राहणे हा आपला अधिकार आहे आणि तो आपण घेतला पाहिजे, हा त्याचा अर्थ होता. पाणी नाकारून स्वच्छतेचा उपदेश करणे हा दंभ आहे. पाण्यावर हक्क सांगून स्वच्छ होणे हा स्वाभिमान आहे.

आणि याच गोदाकाठी आणखी एक माणूस येत असे. अंगावर चिंध्या, डोक्यावर किंवा हातात फुटके गाडगे आणि दुसऱ्या हातात खराटा. विदर्भातल्या शेंडगावी 23 फेब्रुवारी 1876 रोजी परटाच्या घरी जन्मलेला हा डेबूजी जानोरकर 1905 साली घर सोडून निघाला, आणि लोकांनी त्याला गाडगेबाबा केले. परीट म्हणजे दुसऱ्यांचा मळ धुणारा. बाबांनी तोच व्यवसाय साऱ्या महाराष्ट्राला लावला. गावात आले की कुणाशी न बोलता गटार झाडायला लागायचे, आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात विचारायचे की बाबांनो, सकाळी तुम्ही कुठे होता? मोठमोठे लोक पायां पडायला आले तर बाबा पळून जात. दान मिळाले ते त्यांनी धर्मशाळांत घातले. गोदावरीच्या काठची त्यांची धर्मशाळा आपण सर्वांनी पाहिली आहे. मुंबईस जे. जे. इस्पितळाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी आसरा केला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉक्टर आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले आणि 20 डिसेंबरला गाडगेबाबा. दोघांच्या मार्गांत फार अंतर होते, पण पुष्कळ ठिकाणी ते एकाच जागी पोचले.

बाबांना अक्षरओळख बेताचीच होती. तरीही माझ्या मते त्यांनी सोवळ्याचा प्रश्न जितका सोपा केला तितका कुणी पंडिताने केला नाही. त्यांनी खराटा हातात घेतला तेव्हा ‘कोणी शिवले’ हा प्रश्नच बाद झाला आणि ‘काय पडले आहे’ एवढाच उरला. झाडणारा हात हलका नव्हे, घाण करणारा हात हलका. सेनापती बापटांनी पारनेरचे रस्ते झाडले ते याच भावनेने. अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून उपास धरला, आणि पुढे कणकवलीच्या गोपुरीत मैला डोक्यावर न वाहता त्याचे खत कसे करावे याचे संडास बांधून दाखविले. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा 1993 साली आला, त्याहून कडक कायदा 2013 साली करावा लागला, आणि त्यानंतरही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. म्हणून हा इतिहास मला अजून पूर्ण झालेला वाटत नाही.

श्रोते हो, आता शेवटाकडे येतो. 2020 साली कोविडची साथ आली तेव्हा साऱ्या जगाने पुन्हा हात धुवायला शिकून घेतले. दारोदार साबणाच्या वड्या आणि पाण्याचे पिंप दिसू लागले. साथ ओसरली तशी पिंपे गेली. साबणाने नीट हात धुण्याच्या सवयीने अतिसाराचे प्रमाण जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी होते असे आरोग्यशास्त्र सांगते. शौचानंतर, स्वयंपाकाआधी, मुलाला भरवण्याआधी आणि जेवणाआधी, इतक्या वेळा तरी साबण हाताला लागला पाहिजे. हे काम वीस सेकंदांचे आहे. त्याला पंचांग लागत नाही.

पण मी सुरुवातीलाच म्हटले की मी नियम सांगणार नाही, म्हणून एकच प्रश्न विचारून थांबतो. वैयक्तिक स्वच्छता खरोखर वैयक्तिक असते काय? आपल्या चौकात भाजीची गाडी लावून दहा-बारा तास उभ्या राहणाऱ्या बाईला हात धुवायला नळ कुठे आहे? तिला जायला बरे, सुरक्षित शौचालय किती अंतरावर आहे? ती दिवसभर पाणी न पिता राहते आणि दुखणे ओढवून घेते, तेव्हा त्यात तिचा आळस किती आणि आपली उदासीनता किती? उषवदाताने स्वतःच्या नावाने टाकी खोदली. आपल्या गावात वाढदिवसाचे फलक लावणारे पुष्कळ आहेत, नळ बसविणारे थोडे. 2026-27 चे सिंहस्थ नाशकाच्या वाट्याचे आहे. लाखो माणसे आपल्या दारातून जातात तेव्हा त्यांना आपण पवित्र पाणी दाखवितो की स्वच्छ पाणी देतो, यावर यजमानपणाची पारख होते.

माझ्या आजीचे सोवळे मला टाकून द्यायचे नाही. तिची पहाटेची आंघोळ, तिचे धुतलेले लुगडे, तिचा नेम मला हवा आहे. फक्त तिच्या प्रश्नाच्या जागी बाबांचा प्रश्न ठेवायचा आहे. आणि माठात हात घालायचा नाही; शेजारी ओगराळे टांगलेले असावे, आणि त्याची मूठ कुणाच्याही हातात यावी.